कॉम्बीचा हीटर आणि मुंबईत अडकलेलं पार्सल

हीट एक्स्चेंजर म्हटल्यावर कुरिअर कंपनीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर डेअरीतलं नाहीतर साखर कारखान्यातलं यंत्र आलं, आणि माझं पार्सल मुंबईत अडकलं. माझ्या फोक्सवॅगन कॉम्बीच्या हीटरचा हीट एक्स्चेंजर म्हणजे सायलेन्सरच्या आधीचा एक्झॉस्टचा पाइप, वर पत्र्याचं आवरण. काखेत मारून नेता येतो. हे पटवून देण्यात पावसाळा सरला, आणि ज्या पावसाळ्यासाठी तो मागवला होता तो मी कसारा घाटात काच पुसत काढला. राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

गाडी १९७१ची फोक्सवॅगन कॉम्बी, आत झोपायची सोय केलेली. १६०० सीसीचं एअर-कूल्ड इंजिन मागे. रेडिएटर नाही, म्हणजे आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखं गरम पाणी डॅशबोर्डमागे येण्याचा प्रश्नच नाही. इंजिन थंड करणारा पंखा जी हवा फेकतो, त्यातली थोडी हवा दोन होजमधून (लवचीक नळ्यांमधून) दोन हीट एक्स्चेंजरमध्ये जाते. तिथे तापलेल्या एक्झॉस्ट पाइपभोवती फिरून ती गरम होते, फ्लॅप, म्हणजे वाटेतली झडप, उघडा असेल तर गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपातून पुढे येते, आणि तिथून पायांशी आणि काचेवर. इंजिन मागच्या टोकाला, काच पुढच्या टोकाला. वाटेत एक जोड जरी सुटला तरी पुढे कोमट फुंकरसुद्धा पोचत नाही. पंख्याचा वेग इंजिनच्या वेगावर ठरतो, त्यामुळे घाटात ट्रकांमागे रांगेत उभं राहिलं की आधीच कमी असलेली हवा आणखी कमी होते आणि काच नेमकी तेव्हाच वाफ धरते.

‘नाशिकला हीटर कशाला?’ हे मला सगळ्यांनी विचारलं. जुलैत इगतपुरीच्या पुढे भिजलेली चार माणसं गाडीत बसवून बघा. जानेवारीत निफाडला द्राक्षबागायतदार बागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवतात, त्या दिवसांत भंडारदऱ्याला गाडीत झोपून बघा. मग प्रश्न पडत नाही.

सातपूरच्या मिस्त्रींनी गाडी वर घेतली तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली. फ्लॅप उघडणारी केबल गंजून नळीतच बसली होती. इंजिन आणि लांब पाइप यांच्यामधले होज फाटून लोंबत होते. डावा हीट एक्स्चेंजर गंजून त्याला भोक पडलं होतं, आणि आधीच्या मालकांनी शहाणपणाने दोन्ही बाजूंनी हवेची वाट बंद करून टाकली होती. मिस्त्री म्हणाले, “ताई, वरून पत्रा वेल्ड करून देतो, चालून जाईल.” मी नको म्हटलं, आणि तुम्हीही नकोच म्हणा. त्या आवरणाच्या आत एक्झॉस्टचा पाइप असतो. तो गळला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट आपण बसतो तिथे येतो, त्याला वास नसतो, आणि मागे मुलं झोपलेली असतात. नवीन जोडीच हवी होती, आणि ती इथे मिळत नाही.

जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडे नवी जोडी मिळाली. हो, मागवताना आतला फोटो मागा. मूळ भागात पाइपावर ॲल्युमिनियमच्या पात्या असतात. स्वस्त नकलांमध्ये त्या कमी असतात किंवा नसतातच, आणि उष्णता त्या पात्यांमधूनच मिळते.

पार्सल विमानाने मुंबईत लवकर आलं. केवायसीसाठी आधार मागितलं, दिलं. मग शांतता. ट्रॅकिंगवर रोज तेच, ‘क्लिअरन्स डिले’. फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी एअरवे बिलचा (पार्सलच्या विमान-पावतीचा) नंबर पहिल्यापासून. अखेर मेल आली: हा माल कस्टम्स टॅरिफच्या (आयात शुल्काच्या यादीच्या) ८४१९ शीर्षकात येतो, इम्पोर्टर एक्स्पोर्टर कोड (आयईसी) द्या. ८४१९ म्हणजे कारखान्यांतली तापवण्याची-थंड करण्याची यंत्रं. गाड्यांचे सुटे भाग ८७०८ मध्ये येतात. आणि व्यक्तिगत वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने येणाऱ्या मालाला कस्टम्स टॅरिफमध्ये ९८०४ हे वेगळंच शीर्षक आहे. स्वतःच्या वापरासाठी मागवणाऱ्याला, ज्याचा व्यापाराशी काही संबंध नाही त्याला, आयईसी लागत नाही. हे मी सगळं नीट लिहून पाठवलं. उत्तरात तीच मेल परत आली, शब्दन् शब्द तीच.

नाशिकच्या शाखेत गेले. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. “मॅडम, ते मुंबईचं आहे, आम्हाला सिस्टिमवर काही दिसत नाही.” मुंबईचा नंबर मागितला तर त्याने मला टोल-फ्री नंबर लिहून दिला.

मग दुसरी मेल: फोटोत फ्लँजवर (पाइपाच्या जोडाच्या कडेवर) गंज दिसतो, म्हणजे माल वापरलेला आहे, परवाना आणा. वापरलेल्या सुट्या भागांच्या आयातीवर खरोखरच निर्बंध आहेत, त्यामुळे ही मेल वाचून माझ्या पोटात गोळा आला. पण भाग नवा होता. गोदामात पडून असलेल्या लोखंडावर बोट फिरवलं की निघेल असा तांबूस थर येतो, तेवढाच. गाडीवर चढलेला हीट एक्स्चेंजर कसा दिसतो हे ज्याने एकदा पाहिलंय, तो या दोहोंत गोंधळणार नाही. आणि हे सगळं चालू असताना गोदामाचं भाडं रोज चढत होतं, माझ्या नावावर.

शेवटी मी फोन बंद केले आणि लेखी एकच प्रश्न विचारला: कस्टम्सने काढलेल्या क्वेरीचा नंबर काय? पुन्हा पुन्हा तोच प्रश्न. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की कस्टम्सची क्वेरी अशी नाही, हे ‘आमच्या क्लिअरन्स टीमचं निरीक्षण’ आहे. म्हणजे फाइल कस्टम्सपुढे गेलीच नव्हती! ज्या अधिकाऱ्यांना मी मनातल्या मनात बोल लावत होते, त्यांनी माझं पार्सल पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेस पकडली. सोबत एकच फाइल: गाडीचं आरसी बुक, पार्ट्स कॅटलॉगमधलं त्या भागाचं चित्र, त्यावर पार्ट नंबरला गोल केलेला, विक्रेत्याचं लेटरहेडवरचं पत्र की भाग न वापरलेला आहे, आणि सुधारलेलं इन्व्हॉइस. त्यात ‘मोटार वाहनाच्या एक्झॉस्टचा नवा भाग, व्यक्तिगत वापरासाठी’ असं स्पष्ट लिहून घेतलं होतं. कंपनीच्या ऑफिसात बरंच बसवून ठेवल्यावर एक वयस्कर गृहस्थ आले. चित्र पाहिलं, आरसी पाहिलं, म्हणाले, “अहो, हे तर सायलेन्सरचं काम आहे.” एवढं वाक्य ऐकायला नाशिकहून मुंबई गाठावी लागली. त्यानंतर ९८०४ खाली ड्युटी भरून माल सुटायला काहीच वेळ लागला नाही. गोदाम भाड्याबद्दल लेखी तक्रार केली, त्यातलं बरंचसं माफ झालं. तुम्हीही करा, सोडू नका.

तेव्हा ही फाइल पार्सल निघायच्या आधीच तयार ठेवा, आणि इन्व्हॉइसवरचा मजकूर विक्रेत्यावर सोपवू नका. ड्युटीचे दर बदलत राहतात, त्या वेळचा दर पाहून पैसे बाजूला ठेवा.

बसवणं सोपं गेलं. गॅस्केट नवी, नटबोल्ट नवे, केबल नवी आणि ग्रीस लावून. पोटाखालच्या पाइपाचं काम मात्र मला फार आवडलं. अंबड एमआयडीसीत स्टीमच्या पाइपांचं लॅगिंग, म्हणजे उष्णता टिकवणारं वेष्टण, करणारे एक जण आहेत, त्यांच्याकडून रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) आणि वरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं क्लॅडिंग करून घेतलं. पत्र्याचा जोड खालच्या बाजूला घ्यायला सांगा, नाहीतर चाकांनी उडवलेलं पाणी आत शिरतं आणि भिजलेलं रॉकवूल उष्णता खाऊन टाकतं. डॅशबोर्डमागचे काचेकडे जाणारे होजही पाहा. माझा एक निघून नुसता हवेत पडला होता.

थर्मोस्टॅट राहिलाच सांगायचा. ६५ ते ७० अंशांना फुगणारं एक बेलोज (भात्यासारखी घडीची डबी) इंजिनखाली असतं, ते पंख्याच्या आवरणातल्या झडपा उघडतं. आपल्याकडे ‘गरम देशात कशाला’ म्हणून बऱ्याच मिस्त्रींनी ते काढून टाकलेलं असतं. मग इंजिन तापायला वेळ लागतो आणि थंडीत हीटर उशिरा लागतो. आमच्या मिस्त्रींना ते परत बसवायला राजी करावं लागलं, आता तेच दुसऱ्यांना सांगतात.

१२ व्होल्टचे छोटे इलेक्ट्रिक हीटर घेऊ नका. १५० वॉटचा हीटर साडेबारा अँपिअर खातो. रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि हा, असं सगळं मिळून जुन्या डायनॅमोला झेपत नाही. त्यापेक्षा थंड बाजूला, म्हणजे हीट एक्स्चेंजरच्या आधी, बोटीत वापरतात तसा १२ व्होल्टचा इनलाइन ब्लोअर, म्हणजे नळीतच बसणारा पंखा, बसवा. मी बसवलाय. घाटात गाडी उभी असली तरी काचेवर हवा येते. गरम बाजूला लावलात तर मोटर जळेल.

आणि ओल कमी करा. विंडस्क्रीनचं रबर गळत असेल तर ते आधी बदला. ओले रेनकोट झाकणाच्या बादलीत. त्रिकोणी काच बोटभर उघडी. दारं लावून गाडीत स्वयंपाक नको, १ किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. ऊब म्हणून शेगडी पेटवून झोपणं तर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी झोपायच्या जागेजवळ लावला आहे आणि दर महिन्याला बटण दाबून तपासते.

या पावसाळ्यात कसारा घाट पूर्ण चढले, हातात फडकं न घेता. काचेचा खालचा निम्मा भाग घाट सुरू होतानाच मोकळा झाला होता, वरचा थोडा उशिरा होतो. मार्च आला की फ्लॅप पूर्ण बंद होतात का ते एकदा गाडीखाली वाकून पाहा. केबल किंचित ताणलेली राहिली तर एप्रिलच्या उन्हात पायांशी गरम हवा येत राहते.