वॉर्म म्हणजे नेमकं किती?

आमच्या वॉशिंग मशीनवर पाण्यासाठी एक गोल बटण आहे आणि त्यावर तीन शब्द आहेत. हॉट, वॉर्म, कोल्ड. आकडा एकही नाही. २००३ मध्ये घेतलेलं टॉप लोड मशीन आहे, आवाज गिरणीसारखा, पण कपडे निघतात स्वच्छ. म्हणजे निघायचे. यंदा दिवाळीनंतर ही म्हणायला लागली की शर्टाच्या कॉलरी तशाच राहतायत आणि टॉवेलांना तेलकट वास येतोय.

मेकॅनिक आला, झाकण उघडून बघितलं, बंद केलं. ‘काका, आता याचे पार्ट मिळत नाहीत. एक्स्चेंजमध्ये टाका.’ दोनशे रुपये घेऊन गेला. मशीनच्या मागे काय आहे ते त्याने पाहिलंसुद्धा नाही.

माझा राजवाड्याजवळ छोटा फोटो स्टुडिओ होता, तीसेक वर्षं चालवला. कलरचे रोल लॅबकडे जायचे, पण ब्लॅक अँड व्हाइट सगळं माझ्या हातचं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० डिग्रीला हवा म्हणजे हवा. मे महिन्यात ट्रेच्या भोवती बर्फाचं पाणी, डिसेंबरात तीच ट्रे कोमट पाण्याच्या परातीत. एकदा घाईत डेव्हलपरमधून काढलेला रोल सरळ नळाखाली धरला होता, एप्रिलमधल्या दुपारच्या नळाखाली. फिल्मवरच्या जिलेटीनला बारीक सुरकुत्या पडल्या आणि एका मुंजीतली सगळी माणसं भेगाळलेल्या जमिनीसारखी आली. तेव्हापासून ‘कोमट’ या शब्दावर माझा विश्वास नाही. तर डार्करूमचा थर्मामीटर ट्रंकेतून काढला, सुती धाग्याला बांधला आणि वॉर्मवर ठेवून भरलेल्या टबात सोडला.

२२ डिग्री. स्वयंपाकघरातल्या थंड नळाचं पाणी २० होतं.

या जातीच्या मशीनमध्ये पाणी तापवायची कॉइल नसते. फ्रंट लोडमध्ये ती असते, मशीन स्वतःच पाणी तापवतं आणि सेन्सर बघून थांबतं. आमच्याकडे मागे दोन पाइप येतात, एक गच्चीवरच्या टाकीतून आणि एक सोलरमधून. प्रत्येकाला एक व्हॉल्व्ह. हॉट म्हटलं की सोलरचा उघडतो, कोल्ड म्हटलं की टाकीचा, वॉर्म म्हटलं की दोन्ही. संपलं. किती गरम, किती थंड याचा हिशेब मशीन ठेवत नाही. टब ठरलेल्या रेषेपर्यंत भरला की दोन्ही बंद. ज्याचा जोर जास्त त्याचं पाणी जास्त.

प्लग काढला, दोन्ही अँगल कॉक, म्हणजे पाइपांचे भिंतीवरचे नळ, बंद केले आणि गरम बाजूचा पाइप सोडवला. व्हॉल्व्हच्या तोंडाशी अंगठ्याच्या नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, ती पकडीने हळूच ओढून काढली. जाळी दिसतच नव्हती. पांढऱ्या खपल्यांचा घट्ट लगदा, पोह्याच्या चुऱ्यासारखा. आमचं पाणी बोअरचं. तापलं की त्यातला चुना सोलरच्या टाकीत धरतो, मग सुटतो आणि पाइपातून खाली येतो. महिनोन्‌महिने आम्ही वॉर्म लावत होतो आणि मशीन बिचारं टाकीचंच पाणी घेत होतं.

वाटीत व्हिनेगर ओतलं, जाळी टाकली. बुडबुडे आले, आणि बुडबुड्यांबरोबर तो वास. डार्करूममध्ये डेव्हलपरनंतर प्रिंट ज्यात बुडवायचो त्या स्टॉप बाथचा हाच वास, आम्लही तेच. पंधरा मिनिटं मी नुसता वाटीकडे बघत बसलो होतो. ‘अहो, चहा गार झाला,’ असं हिने दोनदा सांगितलं म्हणे.

जाळी बसवली, पुन्हा वॉर्म लावलं. ३० डिग्री. सोलरचं पाणी त्या वेळी ५८ होतं, टाकीचं २०. निम्मं-निम्मं आलं असतं तर ३९ व्हायला हवं होतं. ३० याचा अर्थ चारातला जेमतेम एक भाग गरम. कारण टाकीचा पाइप सरळ खाली येतो आणि सोलरचा अख्ख्या घराला वळसा घालून. मग थंड बाजूचा अँगल कॉक थोडाथोडा आवळत गेलो. प्रत्येक वेळी टब भरायचा, थर्मामीटर बघायचा, ते पाणी बादल्यांनी काढून झाडांना घालायचं (निवल्यावर, नाहीतर जास्वंदीचं काही खरं नव्हतं). चौथ्या खेपेला ३९ मिळालं. कॉकच्या मुठीवर आणि भिंतीवर समोरासमोर हिच्या नेलपॉलिशने एकेक रेघ मारली. आता प्लंबरने हात लावला तरी खूण जुळवता येते.

टबभर टॉवेल त्या पाण्यात टाकले. पावडरीतली एन्झाइम साधारण ४० च्या आसपास चांगली कामाला लागतात, तेलही सुटतं. वास गेला. कॉलरींचा मळ मात्र पहिल्या धुण्यात गेला नाही, तिथे ब्रश लागलाच.

सगळं कोमट पाण्यात टाकायचं नाही हे हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. रक्ताचा डाग गार पाण्यातच, गरम लागलं की तो धरून बसतो. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि आपण घाबरून उकळतं पाणी ओततो. त्याची गरज नसते, धुऊन ओलाच उन्हात टाकला की दोन-तीन दिवसांत हळद उडते. लोकर कोल्डवरच, असंही ती सांगते, आणि इथे माझी एक हरकत आहे. गेल्या मे महिन्यात दुपारी तीनला मी ‘कोल्ड’चं पाणी हाताने बघितलं होतं. गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापलेली असते, हात चांगला भाजल्यासारखा झाला. डिसेंबरातल्या आमच्या वॉर्मपेक्षा ते नक्कीच गरम होतं. त्याच महिन्यात माझा बिनबाह्यांचा स्वेटर नातवाच्या मापाचा झाला. तेव्हा दोष पावडरीला दिला होता.

म्हणून उन्हाळ्यात लोकरीचं धुणं पहाटे, टाकी निवलेली असताना. आणि वॉर्मसाठी कॉकवर दुसरी खूण लागणार, थंड बाजू जास्त उघडी ठेवणारी. ती वेगळ्या रंगाने करायला हवी. घरात नेलपॉलिशची बाटली एकच आहे, मरून रंगाची, आणि तीही आता तळाला सुकत आली आहे.