आयएईसीची मान्यता: फॉर्म बी मधली ती एक चौकट

एम. फार्म. फार्माकॉलॉजीचा थिसिस सुरू करताय आणि प्राण्यांवर काम आहे, तर सिनॉप्सिस लिहायच्या आधीच हे वाचा.

माझा विषय मायग्रेन. सुमाट्रिप्टानसारखी मायग्रेनची औषधं सेरोटोनिनच्या १बी रिसेप्टरवरही (पेशीवरच्या ग्राहक प्रथिनावर) बसतात, त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयविकाराच्या रुग्णाला ती देता येत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं लास्मिडिटान १एफ रिसेप्टरवर काम करतं, रक्तवाहिन्या आवळत नाही. मलाही १एफ धरणारे आणि १बी सोडणारे रेणू हवे होते. डॉकिंग, म्हणजे रेणू रिसेप्टरमध्ये कसा बसतो हे संगणकावर पाहणं, सुरळीत झालं. १बी ची एर्गोटामिनसकट रचना २०१३ मध्ये आली, १एफ ची लास्मिडिटानसकट २०२१ मध्ये. दोन्ही प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळतात.

घोडं अडलं ते कॉलेजच्या प्राणी नीती समितीत, म्हणजे आयएईसीत. फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, दिला. बऱ्याच दिवसांनी परत आला, कोपऱ्यात पेन्सिलीने एवढंच: ‘प्रजातीचं समर्थन अपुरं.’ काय अपुरं, कोणाला अपुरं वाटलं, सही नाही, नाव नाही. ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, “मीटिंगमध्ये बघतील.” आणि मीटिंग काही होईना. सीसीएसईएने (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीने) नेमलेले सदस्य आल्याशिवाय बैठक धरत नाहीत. एक तारीख गणपतीत गेली, पुढची परीक्षांमध्ये. शिपाईमामा बिचारे दर वेळी कपाट उघडून फाईल दाखवायचे, “आहे बघा, इथंच आहे.” फाईल तिथंच आहे याचाच तर मला संताप येत होता! माझ्या बॅचचे बाकीचे रीडिंग घेत होते.

शेवटी एका सीनियर ताईने फॉर्म हातात घेतला. “अगं, डॉकिंग माणसाच्या रिसेप्टरवर आणि प्रयोग उंदरावर. दोघांचा संबंध काय, हे ‘हीच प्रजाती का’ या चौकटीतच दिसायला हवं. पुरवणी कोण उघडतंय?” माझं उत्तर पुरवणीत आकृतीसकट होतं. ते उचलून चौकटीत घातलं.

उत्तर असं: माणसाच्या १बी रिसेप्टरमध्ये सातव्या हेलिक्सवर (प्रथिनाच्या पिळावर) ३५५ व्या जागी थ्रिओनिन असतं, माउस आणि रॅट या दोन्ही उंदरांमध्ये त्याच जागी अ‍ॅस्पॅराजिन. एवढ्या एका अमिनो आम्लाने काही औषधांची पकड पार बदलते. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर्स उंदराच्या रिसेप्टरला माणसाच्यापेक्षा कितीतरी घट्ट धरतात. हे १९९२ पासून माहीत आहे. म्हणून १बी टाळलं जातंय का, हे मानवी रिसेप्टर असलेल्या पेशींवर तपासणार. उंदीर फक्त वेदनेसाठी, नायट्रोग्लिसरीन देऊन पंजाची संवेदना व्हॉन फ्रे तंतूंनी (ठरावीक दाबाने टोचणाऱ्या बारीक तंतूंनी) मोजायला. पेशींवर जो रेणू १बी ला चिकटेल तो उंदरापर्यंत जाणारच नाही, म्हणजे प्राणीही कमी लागतील.

बैठक झाली आणि या मुद्द्यावर एकही प्रश्न आला नाही. बाहेरून आलेल्या सदस्यांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचला आणि मान डोलावली. मला खरंच अभिमान वाटला.

आता आठवतंय ते सांगते. प्राण्यांची संख्या ‘आधीच्या पेपरप्रमाणे’ असं लिहू नका, जी-पॉवर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा हिशेब जोडा. वेदनेचा प्रयोग कुठे थांबवणार, हे स्पष्ट लिहा. त्यावर हमखास विचारतात. पेन्सिलीचा शेरा आला तर लेखी खुलासा मागा, पोच घ्या. बैठकीच्या तारखा गाईडकडून सत्राच्या सुरुवातीलाच काढून घ्या. आणि डॉकिंगमध्ये सेरोटोनिनचाच २बी रिसेप्टर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेनफ्लुरामिन हे भूक कमी करणारं औषध हृदयाच्या झडपा बिघडवत होतं म्हणून १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं, आणि त्याचं मूळ याच रिसेप्टरमध्ये निघालं. उंदीर नोंदणीकृत ब्रीडरकडूनच घ्या, तेही मान्यतेचा क्रमांक हातात आल्यावर.