तुम्ही विचारलंत म्हणून: केट नसलेला बँड

"ताई, तुम्ही स्वतः ड्रम्स वाजवता, मुलींना शिकवता. मग ज्यांनी आपल्याच ड्रमर मुलीला बाहेर काढलं, त्या बीस्टी बॉइजवर तुमचा एवढा जीव कसा?"

क्लासमध्ये विचारतात, गाणी ऐकवायच्या कार्यक्रमानंतर चपला घालता घालता विचारतात. काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं, काहींना मला पकडायचं असतं. आजवर मी वेळ मारून नेत आले, कारण उभ्या उभ्या सांगून संपणारं हे उत्तर नाही.

आधी एक स्पष्ट करते. मला कधी कुणी बँडमधून काढलेलं नाही. तसं काही घडलं असेल आणि मी ते गिळून बसले असेन, असा अंदाज लोक बांधतात. तसं नाही. आणि उलट बाजूनं, "तुमच्यावर वेळ आली नाही म्हणून तुम्हाला माफ करणं सोपं जातं," असंही मला ऐकवलं गेलंय. मी माफ केलंय असं मी कुठे म्हटलं? माफ करणारी मी कोण? तो हक्क असलाच तर त्या ड्रमर मुलीचा, केट शेलेनबाकचा.

बीस्टी बॉइज म्हणजे रॅप करणारी तीन गोरी अमेरिकन पोरं, त्यांच्या 'इंटरगॅलॅक्टिक' गाण्याच्या व्हिडिओतला रोबो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मीही 1998 मध्ये टीव्हीवर तो रोबो बघूनच त्यांच्या नादी लागले. पण मी त्यांची गोष्ट सांगते ती ड्रमच्या स्टुलावरून. पंक म्हणजे वेगवान, उग्र रॉक आणि हिप हॉप म्हणजे तालावरचं रॅप, हे दोन्ही एकत्र आले म्हणजे नेमकं काय झालं, हे त्या स्टुलावर कोण बसलं यावरून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशावरूनही कळत नाही.

1981 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅडम याउकच्या सतराव्या वाढदिवशी हा बँड पहिल्यांदा वाजला. याउक बास गिटारवर, जॉन बेरी गिटारवर, माइक डायमंड गायला आणि ड्रम्सवर केट. सगळी शाळकरी वयाची. वॉशिंग्टनहून आलेल्या बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीयांच्या बँडचा वेग ऐकून वेडी झालेली. 1982 ची त्यांची पहिली रेकॉर्ड म्हणजे 8 गाणी, सगळी मिळून जेमतेम 11 मिनिटांची. ती मी मुलींना मुद्दाम ऐकवते. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा), किक, स्नेअर, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवर सतत. कागदावर अगदी सोपं. वाजवायला घ्या, थोड्याच वेळात कोपरापासून मनगटापर्यंत हात लाकडासारखा होतो आणि स्नेअर मागे पडायला लागतो. केट घाई करते, कुठे कुठे गाण्याच्याही पुढे धावते, पण मागे पडत नाही. त्या वयात एवढा दम टिकवणं काय असतं, हे ज्यानं स्टिक्स हातात धरल्यात त्यानंच सांगावं.

मग बेरी गेला, त्याच्या जागी अ‍ॅडम होरोविट्झ आला. 1983 मध्ये आइस्क्रीमच्या दुकानाला फोन करून केलेल्या चेष्टेवर त्यांनी एक तुकडा रचला, तो क्लबांमध्ये चालला. पोरांच्या कानात रॅप भरला होता. रेकॉर्ड फिरवायला कुणीतरी हवं म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठात शिकणारा रिक रुबिन आला. त्याच्याकडे ड्रम मशीन होतं. पोरांच्या अंगावर एकसारखे ट्रॅकसूट चढले. आणि 1984 च्या सुमाराला केट बँडमध्ये राहिली नाही.

मी कितीतरी वर्षं यावर एक उत्तर द्यायची आणि ते मला बिनतोड वाटायचं: केटला पोरांनी काढलं नाही, मशीननं काढलं. रॅपला ड्रमर लागतच नव्हता. हे 808 नावाचं ड्रम मशीन आलं, पोटात घुमणारा त्याचा किक आला, मग हाडामांसाच्या ड्रमरचं काम काय उरलं?

आज त्या मला मी विचारते, बाई गं, मग बास वाजवणाऱ्याचं काय काम उरलं होतं? गिटार वाजवणाऱ्याचं? मशीननं तर सगळ्यांचीच वाद्यं काढून घेतली होती. बास खाली ठेवणाऱ्याला माइक मिळाला. गिटार खाली ठेवणाऱ्याला माइक मिळाला. स्टिक्स खाली ठेवणारी तेवढी घरी गेली. यात मशीनचा काय दोष? दांडगट रॅपर पोरांचं जे चित्र त्यांना उभं करायचं होतं त्यात मुलगी बसत नव्हती, म्हणून ती गेली. हे माझं अनुमान नाही. होरोविट्झ आणि डायमंड यांनी 2018 च्या आपल्या पुस्तकात आणि 2020 च्या माहितीपटात हे तिचं नाव घेऊन कबूल केलंय, आणि ते चूक होतं असंही म्हटलंय.

आणि तिच्या जागी त्यांनी काय आणलं? 1986 च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या अल्बममध्ये सुरुवातीलाच जॉन बॉनमचे ड्रम्स आहेत, लेड झेपेलिन या रॉक बँडच्या रेकॉर्डवरून उचललेले. पुढे एका गाण्यात 808 चा ठोका टेपवर उलटा वाजवलाय. ही याउकची कल्पना. आवाज आत ओढला जातो आणि मग धाडकन फुटतो. ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण त्याच रेकॉर्डवर 'गर्ल्स' आहे, ज्यात मुलींनी भांडी घासायची, खोली आवरायची, कपडे धुवायचे. 1987 च्या दौऱ्यात तर स्टेजवर पिंजऱ्यात मुली नाचवल्या. तीन-चार वर्षांपूर्वी स्टेजवरची मुलगी या बँडचा ताल धरत होती! अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला हा पहिला रॅप अल्बम. ते नुसतं विडंबन होतं, असं सांगणारे भेटतात. एके काळी मीही सांगायची. पण पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मुलीला विडंबनाचा काय उपयोग?

त्यानंतरचं तुम्ही विचारत नाही, म्हणून मीच सांगते. 1989 मध्ये शंभराहून जास्त सॅम्पल्स, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवरून उचललेले तुकडे, गुंफून त्यांनी जी रेकॉर्ड केली ती तेव्हा फारशी खपली नाही. मग लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटून त्यांनी पुन्हा वाद्यं हातात घेतली आणि 1992 चा अल्बम आला. याउक बासवर, होरोविट्झ गिटारवर. आणि ड्रम्सवर? माइक डी, म्हणजे तोच माइक डायमंड. 1981 मध्ये जो फक्त गात होता तो आता केटच्या जागी बसला होता. 1994 च्या 'सॅबोटाज' गाण्यात त्याचा हात ऐका. पंकचा जोर आणि हिप हॉपचा संयम, दोन्ही त्यात आहे. 808 सोबत घालवलेली सगळी वर्षं त्या हातात उतरली आहेत. मला तो अतिशय आवडतो. आणि दर वेळी मनात येतं की ही सांगड केटच्या हातात कशी उतरली असती?

त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीची पहिली रेकॉर्ड होती लशस जॅक्सनची, ज्या बँडची ड्रमर केट. 1994 मध्ये याउकनं गाण्यातच बायकांचा अपमान थांबला पाहिजे असं बजावलं. 1999 च्या वूडस्टॉक संगीत महोत्सवात बायकांवर अत्याचार झाले, तेव्हा एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात होरोविट्झ त्यावर उभा राहून बोलला. त्याच वर्षी समलिंगी लोकांबद्दल पूर्वी लिहिलेल्या शब्दांसाठी त्यानं जाहीर पत्र लिहून माफी मागितली. कुणी गळा धरला नव्हता. यश मिळून चुकलं होतं, गप्प बसले असते तरी चाललं असतं. आपल्या तरुणपणाच्या कामाला स्वतःहून असं उलटं धरणारे कलाकार मला फार भेटलेले नाहीत, आणि माझा जीव जडलाय तो यावर.

तुम्ही म्हणाल, मग झालं की, हिशेब मिटला. नाही मिटला. 2012 मध्ये याउक कॅन्सरनं गेला, तेव्हा उरलेल्या दोघांनी बँड थांबवला. त्याच्याशिवाय बीस्टी बॉइज नाहीत, असं ते म्हणाले. मला ते मनापासून पटलं, रडूही आलं. पण याउकशिवाय बँड होऊ शकत नाही आणि केटशिवाय झाला, हे मला तेव्हाही टोचलं आणि आजही टोचतं. मैत्रीण म्हणते, एक मेला आणि एक बाहेर गेली, तुलनाच चुकीची. असेलही. मला अजून तसं वाटत नाही.

क्लासमध्ये मी 1986 ची रेकॉर्ड लावते, बॉनमचा तो तुकडा शिकवते, उलटा ठोका मुलींना हातानं वाजवून बघायला लावते. 'गर्ल्स' वाजवत नाही. एका विद्यार्थिनीनं परवा अडवलं, "ताई, हे लपवणं झालं." तिला म्हटलं, घरी जाऊन ऐक, पुढच्या वेळी बोलू. ती ऐकून आली आणि म्हणाली, ठोका मस्त आहे, पोरं नालायक आहेत. मग आम्ही त्याच रेकॉर्डवर पुढे वाजवत राहिलो, आणि आमचा वाद अजून चालू आहे.