उरलेले दात आधी बघा

मी साताऱ्यात एका डेंटल लॅबमध्ये काम करते. दवाखान्यात डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं, त्यात आम्ही स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओतून मॉडेल काढतो आणि त्यावर कॅप, ब्रिज, कवळी, जे सांगितलं असेल ते बनवतो. पेशंट सहसा आमच्या नजरेस पडत नाही. त्याचा जबडा मात्र दिवसभर हातात असतो. त्यामुळे दाढ काढून ती जागा वर्षानुवर्षं तशीच सोडली की काय होतं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलते. वरची दाढ, टेकायला खाली काही नसल्यामुळे, हळूहळू उतरत येते. मग नवा दात बसवायचं ठरवलं तरी त्याला उंचीच मिळत नाही.

माझं काम माहीत असल्यामुळे घरच्यांचा, शेजारणींचा दाताचा विषय फिरून माझ्याकडे येतो. “फिक्स बसवू की काढता-घालता?” हा पहिला प्रश्न आणि “खर्च किती?” हा दुसरा. दोन्ही रास्त आहेत. पण माझं म्हणणं दरवेळी एकच असतं: गेलेल्या दाताचं नंतर बघू, आधी उरलेले कसे आहेत ते सांगा.

ब्रिजचंच घ्या. मधला दात गेलाय, तर शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवायच्या आणि मधला दात त्यांना जोडून द्यायचा. काम लवकर होतं, ऑपरेशन नाही. पण त्यासाठी ते दोन्ही दात चहूबाजूंनी घासून बारीक करावे लागतात. मध्यंतरी एका तरुण पेशंटचं काम आलं, त्यात दात घासण्याआधीचं मापही होतं. मी दोन्ही मॉडेल शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यात खालची एक दाढ नव्हती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दात अगदी शाबूत, वरच्या खाचा अन् उंचवटे जसेच्या तसे. दुसऱ्यात त्यांचे नुसते खुंट. ब्रिज मी मन लावून केला, मार्जिन, म्हणजे कॅपची कड, भिंगाखाली तपासलं, पण जीव हळहळला. घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही. तेच शेजारच्या दातांचं रूट कॅनाल झालेलं असतं किंवा त्यात मोठमोठी फिलिंग असती, तर ब्रिजच मला योग्य वाटला असता, कारण त्या दातांना तशाही कॅप लागल्याच असत्या.

शेजारचे दात धड असतील तर इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचा, विचार करावा. ब्रॉनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाला १९५०च्या दशकात सशांच्या हाडावर प्रयोग करताना लक्षात आलं, की टायटॅनियम हाडाशी घट्ट एकजीव होतं. १९६५ साली त्याने पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि ते त्या माणसाला अखेरपर्यंत, चाळीस वर्षं पुरले. आजही तत्त्व तेच आहे. हाडाने स्क्रूला धरायला वेळ लागतो, म्हणून बहुतेकदा तीन ते सहा महिने थांबून मग वरचा दात बसवतात. सारखी घाई करू नये. शुगर ताब्यात नसेल, विडी-सिगारेट चालू असेल तर हाड नीट धरत नाही, तेव्हा डॉक्टरांपासून हे लपवू नका. आमच्या भागात तंबाखू आणि मिश्री इतकी अंगवळणी पडलेली आहे, की विचारलं तरी बायका “नाही” म्हणतात.

तुटलेल्या, किडलेल्या दाताचं वेगळं. लोक म्हणतात, “काढूनच टाका, कटकट नको.” मूळ मजबूत असेल आणि हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी चांगला दात उरला असेल, तर रूट कॅनाल करून त्यावर कॅप बसू शकते. कॅपला धरायला तेवढी कड लागतेच. ती नसेल तर कॅप सुटत राहते किंवा दात मुळाशी मोडतो. आणि रूट कॅनाल झालेली दाढ कॅपविना ठेवू नका. दुखायचं थांबलं की माणसं परत फिरकत नाहीत, आणि मग एक दिवस ती दाढ उभी चिरते. तशी चिरली की बहुतेक वेळा काढावीच लागते.

कॅप कशाची घ्यायची हा प्रश्न त्यानंतरचा. मेटल-सिरॅमिक जुनी, भरवशाची. आत धातू, वर पोर्सेलिन. काही वर्षांनी हिरडी मागे सरकली की कडेला काळी रेघ दिसू शकते, एवढंच. निकेलची ॲलर्जी असेल, नकली दागिन्यांनी कान चिडत असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण स्वस्त धातूंत निकेल असतं. झिरकोनिया, म्हणजे पांढरं, धातूविना सिरॅमिक, आता पुष्कळ चालतं. त्याची खडूसारखी ठिसूळ चकती येते. कॉम्प्युटरवर काढलेली कॅप मशीन त्या चकतीतून कोरते, ती मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी. मग भट्टीत सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजली की ती आकसते आणि नेमक्या मापाला येते. भट्टीतून निघालेली कॅप स्टोनच्या डायवर, म्हणजे त्या दाताच्या मॉडेलवर, ठेवायची आणि ती कडेपर्यंत बरोबर बसली की मला अजूनही मनापासून आनंद होतो.

शेडबद्दल एक सांगते. रंग दात घासायच्या आधी ठरवायला हवा, आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडून पांढरे दिसतात आणि शेड फिकी निघते. सगळ्यात पांढरी शेड मागणारे खूप असतात. एकटी कॅप शेजारच्या दातांहून पांढरी असली की ती लांबूनही ओळखू येते.

आता कवळी. माझं मन याच कामात सगळ्यात जास्त रमतं आणि याच कामाला लोक सगळ्यात कमी लेखतात. चांगली कवळी एका मापावर होत नाही. आधी पहिलं माप, त्यावर त्या माणसापुरता माप घ्यायचा ट्रे, त्या ट्रेने कडा घडवत दुसरं माप, मग मेणाचे पट्टे घालून वरचा-खालचा जबडा कुठे मिळतो ते बघणं, मग मेणात दात लावून ट्राय. ट्रायच्या वेळी डॉक्टर साठपासून सत्तरपर्यंतचे आकडे म्हणायला लावतात. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट: त्यात “स” भरपूर, आणि दात वर-खाली आपटत असतील किंवा वारा सुटत असेल तर तिथेच कळतं. मेण आहे तोवर सगळं बदलता येतं. आरशात नीट बघा, सोबत घरचं माणूस न्या, हसून दाखवा, पटत नसेल तर स्पष्ट बोला. एकदा मेणाच्या जागी ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं कडक प्लास्टिक, झालं की दात हलवायचे म्हणजे पुन्हा सगळं आलं.

ट्राय पास झाला की आम्ही फ्लास्कमध्ये, म्हणजे धातूच्या साच्याच्या डब्यात, मेण वितळवून काढतो, त्या जागी ॲक्रिलिकचा गोळा दाबून भरतो आणि पाण्यात शिजवतो. सत्तर-चौऱ्याहत्तर अंशांवर संथपणे, रात्रभर. एकदम उकळलं तर आतल्या लिक्विडची वाफ होऊन जाड भागात बुडबुडे राहतात. संध्याकाळी मापं आणि दुसऱ्या दिवशी कवळी मागणारे फोन येतात तेव्हा मी हेच समजावते.

वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालचीला तसा आधार नसतो. तिला जागा कमी, त्यात जीभ सतत ढकलते, आणि दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं. माझ्या आत्याचं तेच झालं. वरची छान बसली, खालची भाकरी चावताना उचलायची. आत्या चहात भाकरी कुस्करून खायला लागली. मला ते बघवेना. मी तिला म्हटलं, “आत्या, सगळे दात इम्प्लांटवर नाही, खाली पुढे दोनच बसवू, कवळी त्यांच्यावर बटणासारखी बसेल.” ती म्हणाली, “या वयात हाडाला भोकं पाडायची काय गं?” हा उपाय काही माझ्या डोक्यातून आलेला नाही; २००२ साली कॅनडात मॅक्‌गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाती जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. तिची शुगर, हाड सगळं तपासून डॉक्टरांनी ते केलं. आता खालची कवळी हलत नाही, आणि ती रात्री काढून ठेवता येते याचं तिला जास्त बरं वाटतं. कच्ची काकडी खाल्ली त्या दिवशी तिने मला फोन केला.

म्हणूनच सगळे दात काढून कवळी करायची वेळ आली, तरी खालचे दोन सुळे वाचण्यासारखे आहेत का ते विचारा. रूट कॅनाल करून, वरून कापून, त्यांची मुळं कवळीखाली ठेवता येतात. मूळ आहे तिथलं हाड टिकतं.

काही दात गेले असतील आणि काढता-घालता सेट हवा असेल, तर फ्लेक्सिबलची खूप चलती आहे. मऊ, दिसायला छान, तार नाही. पण बहुतेकदा तो दातांवर टेकत नाही, नुसता हिरडीवर दाबत राहतो आणि सैल झाला तर दुरुस्तही नीट होत नाही. कायमचा सेट करायचा असेल तर कोबाल्ट-क्रोमच्या कास्ट पार्शलबद्दल, म्हणजे धातूच्या ओतीव सेटबद्दल, विचारा. त्याचे टेकू उरलेल्या दातांवर बसतात.

आणि प्रत्येक मोकळी जागा भरायलाच हवी असंही नाही. नेदरलँड्समधले दंततज्ज्ञ कायसर यांनी १९८१ साली मांडलं, की पुढचे आणि मधले मिळून वीसेक दात एकमेकांवर नीट मिळत असतील तर बहुतेकांचं चावणं निभावतं. अगदी मागची शेवटची दाढ गेली म्हणून कर्ज काढून इम्प्लांट करायला निघालेल्या एका शेजारणीला मी आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सांगितलं.

पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी येतो, खेपा जास्त होतात. कवळीच्या बाबतीत त्या जास्तीच्या खेपा तुमच्या फायद्याच्याच.

नवी कवळी टोचली तर घरी कानशीने घासू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. धुताना खाली पाण्याने भरलेली बादली ठेवा म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही, आणि गरम पाणी वापरू नका, आकार बिघडतो. माप द्यायला जाताना तरुणपणीचा एखादा हसरा फोटो शोधून न्या, ज्यात पुढचे दात दिसतायत असा. डॉक्टरांना तो स्लिपसोबत लॅबला पाठवायला सांगा. पुढच्या दोन दातांत फट असेल, एखादा दात जरा वळलेला असेल, तर मी तो तसाच लावून देते.