'वॉचमेन'चा पाचवा अंक मी पान सुटं करून वाचला

चित्रकथा काढायला शिकायचं तर आवडत्या अंकाची नुसती पारायणं करून भागत नाही, तो एकदा आपल्या हातानं काढून बघावा लागतो. मी त्यासाठी 'वॉचमेन'चा पाचवा अंक घेतला. लेखक ॲलन मूर, चित्रं आणि अक्षरलेखन डेव्ह गिबन्सचं, रंग जॉन हिगिन्सचे. डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनसंस्थेनं 1986-87 मध्ये ही 12 अंकांची मालिका काढली. या अंकाचं नाव 'फिअरफुल सिमेट्री', विल्यम ब्लेकच्या वाघावरच्या कवितेतून घेतलेलं. नावातच सगळं सांगून टाकलंय, तरी पहिल्या वाचनात ते सहसा लक्षात येत नाही, कारण गोष्ट आपल्याला पुढे पुढे ओढत असते.

गोष्ट अशी. मुखवटे घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्या मुखवटेवाल्यांवर कायद्यानं बंदी आली तरी रॉर्शाक एकटाच फिरतो आहे. जुन्या सहकाऱ्याच्या खुनाचा माग काढत तो मोलॉक या थकलेल्या, आजारी गुन्हेगाराच्या घरी रात्री शिरतो. अंक संपता संपता त्याच घरात मोलॉक गोळी लागून मेलेला असतो, बाहेर पोलिसांचा वेढा पडलेला असतो आणि रॉर्शाकचा मुखवटा ओढून काढला जातो. आतला चेहरा आपण पहिल्या अंकापासून रस्त्यावर पाहत आलोय: जगाचा अंत जवळ आल्याचा फलक घेऊन फिरणारा तांबड्या केसांचा माणूस.

आधी मी चित्रांकडे बघायचंच नाही असं ठरवलं. चित्रकथेची 28 पानं. प्रत्येक पानासाठी पत्त्याएवढा कागद, त्यावर फक्त चौकटींच्या रेघा. माणसं नाहीत, संवादांचे फुगे नाहीत. गिबन्सनं या मालिकेसाठी पानाचा साचा ठरवून घेतला होता: तीन आडव्या ओळी, प्रत्येकीत तीन चौकटी. त्यातल्या दोन-तीन जोडून कधी रुंद चौकट, कधी उंच. साचा इतका कडक की कुठे मोडलाय ते लगेच दिसतं. मग मी कागद जमिनीवर मांडले, पहिल्यासमोर अठ्ठाविसावा, दुसऱ्यासमोर सत्ताविसावा, जोडीची बेरीज कायम 29. अंक उघडा पडला! शाळेत कागदाची घडी घालून आत शाईचा थेंब दाबायचो, तशी अख्खी कथा मधोमध घडी घातलेली आहे. आणि ज्याच्या मुखवट्यावर शाईचे तसेच डाग सरकत असतात, त्याच्याच अटकेचा हा अंक. हर्मन रॉर्शाक या स्विस मनोविकारतज्ज्ञानं 1921 मध्ये शाईच्या डागांची चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यावरून या पात्राचं नाव.

चौकटींपाठोपाठ मी जागा लिहायला घेतल्या. मोलॉकचं घर, एका कुटुंबातल्या मृत्यूंचा तपास करणारे दोन डिटेक्टिव्ह, कोपऱ्यावरचा वर्तमानपत्रवाला, आणि डॅन नि लॉरी हे दोन माजी मुखवटेवाले. पहिल्या अर्ध्यात ही मंडळी ज्या क्रमानं येतात, साधारण त्याच्या उलट क्रमानं दुसऱ्या अर्ध्यात परततात. हे काटेकोर गणित नाही, काही जोड्या ढोबळच जुळतात, आणि मला ते बरं वाटलं. सगळंच तंतोतंत असतं तर गोष्टीला श्वास उरला नसता.

सर्वांत जास्त वेळ गेला तो वर्तमानपत्रवाल्याच्या पानांवर. त्याच्या शेजारी बसून एक मुलगा चाच्यांचं कॉमिक वाचतोय, आणि त्या कॉमिकचा मजकूर थेट आपल्या चौकटींवर येतो. खरेखुरे मुखवटेवाले रस्त्यावर दिसलेल्या त्या जगात कॉमिक्स चाच्यांचीच खपतात, ही मूर-गिबन्सची कल्पना मला फार आवडते. इथे जहाज फुटलेला खलाशी आपल्याच साथीदारांच्या फुगलेल्या प्रेतांचा तराफा बांधतो, आणि त्याच वेळी वर्तमानपत्रवाला युद्धाच्या बातम्यांवर बोलत असतो. दोन्ही एकदम वाचली की डोकं गरगरतं. मी खलाशाचा मजकूर निळ्या पेन्सिलनं आणि विक्रेत्याचं बोलणं तांबड्या पेन्सिलनं वेगळं लिहून काढलं, दोन्ही स्वतंत्र वाचली, मग पुन्हा एकत्र. तेव्हा कळलं की एकाचं वाक्य दुसऱ्याच्या चित्रावर भाष्य करतंय. पहिल्या अंकाची मूरची संहिता टाइप केलेली 101 पानं होती. गिबन्स त्या पानांना आकडे घालायचा आणि अक्षरांचा नि दृश्यांचा मजकूर हायलायटरनं वेगळा करायचा, हे मी नंतर वाचलं आणि हुरूप आला.

रंगांसाठी मी मोलॉकच्या घरातली पानं निवडली. खिडकीबाहेर निऑनची पाटी उघडझाप करते. एका चौकटीत खोलीभर तांबूस-नारिंगी उजेड, पुढचीत तो विझलेला, पुन्हा उजेड. जलरंगात हे उतरवताना हिगिन्सनं काय केलंय ते हाताला समजलं. तो मूळ लाल-निळ्या-पिवळ्यापेक्षा जांभळा, हिरवा, नारिंगी, तपकिरी यांवर भर देतो. गिबन्सची रेघसुद्धा कडक टाकाची, जवळपास एकसारख्या जाडीची. म्हणजे ज्याला आपण 'डार्क' कॉमिक म्हणतो त्यात सांडलेली काळी शाई किती कमी आहे बघा! इथला काळोख मांडणीत आहे. रॉर्शाक स्वतःला शिकारी समजून घरात शिरतो, आणि त्याच्या सुटकेची वाट पानांच्या रचनेनंच बंद केलेली असते.

ज्यांनी मालिका पूर्ण वाचलेली नाही त्यांनी पुढचा मजकूर सोडावा. घडी पडते ती पान 14 आणि 15 वर. तिथे ओझिमँडियस या माजी मुखवटेवाल्यावर हल्ला होतो आणि तो मारेकऱ्याला आडवा करतो. नेहमीचा साचा मोडून मधलं चित्र दोन्ही पानांवर पसरलंय. मी ते मोठ्या कागदावर काढलं, कारण शरीराचा तोल आणि फटक्याची दिशा लहान आकारात हाती लागत नव्हती. पुढे अकराव्या अंकात कळतं की हा हल्ला ओझिमँडियसनंच स्वतःवर घडवून आणला होता. इतक्या प्रमाणबद्ध अंकाचा मध्यबिंदू चक्क बनाव आहे, आणि त्या घडीच्या दोन्ही टोकांना त्याच माणसानं अडकवलेला रॉर्शाक आहे! मूर-गिबन्सनी हे गुपित सहा अंक आधी रचनेतच पेरून ठेवलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कुणाला असं करून बघायचं असेल तर सुरुवात रिकाम्या चौकटींपासूनच करा, चित्रांपासून नको. सध्या मी स्वतःच्या आठ पानी कथेसाठी बेरीज 9 धरून चौकटी पाडतोय. चौथं-पाचवं पान जमलंय, दुसरं-सातवं अजून अडलंय.