माझं पहिलं टेंडर

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं. विषयही सुचवला होता, 'शाळेने मला काय दिलं'. शाळेने मला हस्तव्यवसायाचे सर दिले. इतर गुरुजनांनी राग मानू नये, पण या पानात दुसरं कुणी मावणार नाही. सरांचं नाव लिहीत नाही. 'कात्रीवाले सर' म्हटलं की माझ्या वेळच्या कुणालाही कळेल.

१९८१ साल, आठवी ब. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात वाफेचं इंजिन मांडायचं ठरलं. सरांची अट एकच होती. सामान घरातलं, विकत फक्त डिंक आणि रंग. कामं वाटली गेली. बॉयलर एकाला, केबिन दुसऱ्याला, मोठी चाकं तिसऱ्याला आणि मला टेंडर. इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी! माझं तोंड उतरलेलं सरांनी पाहिलं असणार, पण बोलले काहीच नाहीत. रविवारी मला एकट्याला घेऊन पॅसेंजरने मनमाडला गेले.

आपल्या नाशिकरोडवरून तेव्हा विजेची इंजिनं धावत होती. वाफेची बघायची तर मनमाडला दौंडच्या गाडीला. तिथे फायरमनने आम्हाला टेंडरवर चढू दिलं. मला वाटत होतं, पुढे कोळसा आणि मागे पाणी असेल. तसं नव्हतं. पाण्याची टाकी कोळशाला तिन्ही बाजूंनी कवेत घेऊन होती आणि कोळशाचा तळ उतरता, म्हणजे ढीग आपोआप फायरमनच्या फावड्याकडे सरकावा. मागच्या झाकणातून खांबाच्या सोंडेने पाणी भरत होते. परतीच्या गाडीत सरांनी वहीत माप मांडून दिलं. आपलं इंजिन खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाचं, म्हणून रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, भागिले ३२, म्हणजे साधारण ५२. गोल्डस्पॉट या थंड पेयाच्या बाटलीचं बूच या मापात चाकाला बरोबर बसतं, हा शोध मात्र माझा. आठ बुचं, सायकलच्या स्पोकचे आस.

टाकी पुठ्ठ्याची केली, आतून मेणबत्तीचं मेण फिरवलं. जुन्या टेंडरच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळ्यांच्या ओळी असतात, म्हणून आईच्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी खळीने एकेक चिकटवली. दोन रात्री गेल्या. मग हौसेने पाणी भरून पाहिलं आणि तसंच वर्गाच्या कपाटात ठेवलं. मेणाला कुठेतरी चीर असावी. चार दिवसांनी कपाट उघडलं तर माझ्या टेंडरला कोंब!

वर्ग लोळून हसला. मी रडकुंडीला आलो. सर हसले नाहीत, म्हणजे आधी हसले नाहीत. नंतर एवढे हसले की चश्मा काढून पुसावा लागला. "गाळा दिला तर शेती केलीस रे!" मग शेजारी बसले. रिव्हेट कसे उठवायचे ते दाखवलं. पोस्टकार्ड पाठीमागून संपलेल्या रिफिलने दाबायचं, पुढे नेमका टिपका उठतो. टाकीसाठी डालड्याचा डबा कापला आणि जुन्या नाशकात एका तांबटाकडून डाग मारून घेतला.

नवी टाकी भरून मी टेंडर जरा जोरात ढकललं. थांबवल्यावर आतलं पाणी पुढे धावलं आणि थेट सरांच्या पांढऱ्या शर्टावर! सरांनी शर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता खरं टेंडर कसं थांबत असेल, सांग." मला येईना. त्यांनी पत्र्याच्या दोन पट्ट्यांना भोकं पाडून टाकीत आडव्या बसवल्या. पुन्हा ढकललं. पाणी नुसतं डुचमळलं.

आज सातपूरच्या एमआयडीसीत माझं पत्राकामाचं वर्कशॉप आहे, पाण्याचे टँकर बनवतो. उन्हाळ्यात सिन्नर, येवल्याकडे टँकर जाताना दिसला की मी आधी बनवणाऱ्याची पाटी बघतो, आपला आहे का म्हणून. प्रत्येक टाकीत भोकांचे आडवे पत्रे असतात. गिऱ्हाईक म्हणतं, एक कमी करा, तेवढाच खर्च वाचेल. मी करत नाही. सरकारी टेंडरंही बरीच भरली, काही मिळाली, बरीच हुकली.

मागच्या वर्षी शाळेत डोकावलो. हस्तव्यवसायाच्या खोलीत आता संगणक आहेत. असावेत. पण ते लाकडी कपाट कुठे गेलं, ते शिपायालाही सांगता आलं नाही. सर जाऊन बारा वर्षं झाली. टँकर बघायला या, असं त्यांना दोनदा म्हणालो होतो, गाडी पाठवतो म्हणालो होतो. पाठवली नाही.

इंजिनाचं काय झालं ठाऊक नाही. टेंडर माझ्या ऑफिसात आहे, प्रदर्शनासाठी घेऊन येतो. डालड्याचं झाड रंगाखालून थोडं दिसायला लागलंय आणि मागचं उजवं बूच फिरत नाही, ते तेव्हाही फिरत नव्हतं.