आता कशाला उकरून काढायचं?

बारशाला, लग्नात, जिन्यात, सगळीकडे तोच प्रश्न. "अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली, आता कसली थेरपी? मार आम्ही नाही का खाल्ला? आमचं काय बिघडलं?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

मार सगळ्यांनी खाल्ला, मान्य. पण शेजारी चूक झाली की मार बसायचा. आमच्याकडे अण्णांची, माझ्या वडिलांची, स्कूटर बोळात शिरली की मी माझी चूक शोधायला लागायचे. आज ४६ वर्षांची आहे, आणि जिन्यात पाऊल वाजलं की अजून तेच करते.

अमेरिकेतल्या नऊ हजारांवर प्रौढांचा अभ्यास १९९८ साली छापून आला. लहानपणी जितक्या प्रकारचा त्रास, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. तुम्हाला ऐकवायला मी हे पाठ केलं होतं. खरं म्हणजे मी नाटक करत नाही, हे मलाच पटवून घ्यायचं होतं.

पहिले चार महिने थेरपिस्ट मॅडमनी अण्णांचा विषय काढू दिला नाही. पाय जमिनीला टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. राग यायचा, याचे पैसे घेतात? पण आधी सावरायला शिकायचं, मग आठवणीत उतरायचं, असा तो क्रम असतो. नंतर ईएमडीआर नावाची उपचारपद्धत. प्रसंग मनात धरायचा आणि मॅडमच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे नजर न्यायची. ही बुवाबाजी नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सुचवलेल्या उपचारांतला हा एक आहे.

मी तिसरीतली संध्याकाळ धरली. सतराच्या पाढ्याला अडखळले, अण्णांनी पट्टा काढला. हे सगळं मला तोंडपाठ होतं. रडू येईल ते पट्ट्याचं, असं धरून गेले होते. बोटं थांबली. मॅडमनी विचारलं, "आता काय येतंय?"

मी म्हटलं, "पोळपाट."

आमच्या पोळपाटाचा एक पाय आखूड होता. लाटताना टक् टक् वाजायचा. मी ओरडत होते आणि आत स्वयंपाकघरात ती टक् टक् एकदाही थांबली नाही. तव्यावर पोळी उलटल्याचंसुद्धा ऐकू आलं. त्या दिवशी घरी आले आणि दोन दिवस पोळीचा घास उतरला नाही.

आई मध्ये पडली असती तर तिलाही बसला असता. पोळ्या खोळंबल्या असत्या तर आम्हा दोघींना. हे मला कळतं, म्हणून राग जात नाही. मॅडम म्हणतात, जायलाच हवा असं नाही. आईबापांची उणीदुणी परक्यासमोर कशाला, असं मीच पूर्वी म्हणायचे. फी देताना ती जुनी मी अजून बोलते, आणि तिला देण्यासारखं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही.

झोप लागते आता. दचकणं आहेच.

आई ७८ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. "तुला ऐकू येत होतं का गं?" एवढंच विचारायचंय. पण तिच्या हातात लाटणं असताना विचारवत नाही, आणि नसतं तेव्हा ती झोपलेली असते.